फुटामागे एक सूत

पापनिवेदनाच्या खोक्याची जाळी मी बसवली
तेव्हा तिथं काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं.
जुनीला वाळवी लागली म्हणून निरोप आला होता.
विचारलं, भोकं केवढी ठेवू?
फादर म्हणाले, आवाज जावा, तोंड दिसू नये.
असं माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

आता गुरुवारी सात वाजता
उद्यमनगरातलं शटर ओढून, केसांतला भुसा झटकत
मी इनास बारदेस्करांच्या पुढ्यात बसतो.
मास्तर आजऱ्याचे. तीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडली,
कुणी प्रश्न विचारला की अजून कानामागची पेन्सिल चाचपतात.
बाकावर आणखी दोघं:
लग्न ठरलेली एक नर्स,
आणि कळंब्याचा एक पोरगा, जो कधीच काही विचारत नाही.

संस्कार सात. मी बोटांवर मोजतो, सहाच भरतात.
दर वेळी तेच एक सुटतं,
आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं तेल.
नर्स हसते. तिला तेच आधी आठवतं.

"दिसणारी खूण," मास्तर सांगतात, "न दिसणाऱ्या कृपेची."
पाणी, तेल, डोक्यावर ठेवलेला हात.
एवढं मला कळतं.
जन्मभर मी लाकडाचे पंप केले, लाकडाचे व्हॉल्व्ह,
त्यातला एकही थेंबभर पाणी उपसणार नव्हता.
वाळूत दाबायचा, ठोकून सैल करायचा, अलगद उचलायचा.
मागं उरते ती पोकळी.
लोखंड ओततात ते तिच्यात.

पण भाकरीपाशी आलो की मास्तर हात आडवा करतात,
"इथं पॅटर्न नाही. इथं तोच आहे."
यावर मी घरापर्यंत गप्प.
अजून ते आत उतरलेलं नाही.
मिस्साच्या रांगेत हात छातीशी आडवे धरून पुढं जातो,
फादर कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतात
आणि मी तसाच उपाशी माघारी.

बायको म्हणते, जावा की.
रविवारी आधी मला जोतिबाच्या गाडीत बसवा,
मग तुमचं बघा.

खरं सांगायचं तर मी थांबलोय त्या खोक्यासाठी.
एक गोष्ट बावीस वर्षं तासून ठेवलीय,
कुठं अडकू नये म्हणून कडा मोडल्यात तिच्या.
विचारलं, माझी पाळी कधी?
मास्तर म्हणाले, "तुमची नाही.
ईस्टरच्या आदल्या रात्री डोक्यावर पाणी पडेल,
मागचं सगळं धुतलं जाईल.
जाळी नंतर. नवीन काही केलंत तर."
सगळं?
"सगळं."
जाळीपाशी न सांगता?
मास्तरांनी पेन्सिल चाचपली, बोलले नाहीत.
मला रागच आला.
इतक्या स्वस्तात मी कुणाकडून काम करून घेतलेलं नाही.

अण्णांची पितळी पट्टी होती, श्रिंकेजची.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत मोठा.
वाटणीच्या दिवशी धोंडिरामनं विचारलं, पट्टी कुठाय?
हरवली, म्हणालो.
ती माझ्या कमरेला होती, सदऱ्याच्या आत, गार.

परवा रात्री गंगावेशीत गेलो.
म्हशी उभ्या होत्या, धार ग्लासात वाजत होती,
धोंडिराम नेहमीसारखा कट्ट्यावर.
कागदात गुंडाळलेली पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली.
तासलेलं वाक्य तोंडात आलंच नाही.
त्यानं कागद उलगडला, दिव्याखाली धरली,
अंगठ्याच्या नखानं एकेक खाच चाचपत गेला.
"अजून खोटीच हाय की," म्हणाला.
"फुटामागं एक सूत."

मग ओठावरचा फेस पुसून
त्यानं अजून एक ग्लास सांगितला.
कुणासाठी, ते बोलला नाही.